विकलेल्या मशीनचं दावं

आमच्या संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा शाळेतल्या शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्या शेजारच्या वस्तीवर जात. कॉम्प्युटरसाठी मात्र स्वतंत्र खोली बांधली गेली, तिला गुळगुळीत फरशी बसली, खिडकीत एसी लागला आणि दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी आली. मुख्याध्यापकांच्या खोलीत उसातून आलेले चिखलाचे बूट चालायचे. कॉम्प्युटरपुढे सगळे अनवाणी.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. संस्था इंदापूर तालुक्यात, बारामतीहून एसटीने तासाभराच्या अंतरावर. मी तिथे अकरावी-बारावीला मराठी शिकवत होतो आणि बारामतीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. संस्थेचे अध्यक्ष गावचेच. त्यांच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी मेंढरं विकून कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला आणि यांनी उसाच्या कडेला शाळा काढली. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा, मीही म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला कुणीतरी वाईट माणूस लागतो, असा लोकांचा समज असतो.

उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे आणले होते. पाहुण्यांनी भाषणात एकविसावं शतक जवळ आणत आणत दारापर्यंत आणलं, तेवढ्यात वीज गेली. मग पूजेला आलेल्या गुरुजींनी काळ्या पडद्यालाच हळदकुंकू लावलं, आबांनी नारळ वाढवला, फोटो निघाले आणि कॉम्प्युटरचं उद्घाटन कॉम्प्युटर सुरू न होता पार पडलं. वीज आली तेव्हा मंडळी जेवणाच्या पंगतीत होती. त्यामुळे ते मशीन पहिल्यांदा चालू झालं ते फक्त टायपिस्ट बाईंसमोर.

बाई कऱ्हाटीच्या. पहाटेची गाडी धरून बारामतीला यायच्या, तिथून माझ्याबरोबर इंदापूरच्या गाडीत. बारामतीच्या टायपिंग क्लासात त्यांनी मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा दिलेली होती, आणि ती गोष्ट ओळखीच्या पहिल्याच वाक्यात सांगायची त्यांना सवय होती. संस्थेत त्या हंगामी होत्या. मे महिन्यात त्यांना कमी केल्याचं पत्र मिळायचं, ते त्यांनीच टाइप केलेलं असायचं. जूनमध्ये घेतल्याचं पत्र मिळायचं, तेही त्यांनीच टाइप केलेलं. मधल्या सुट्टीत त्या कुणाच्या नव्हत्या. कायम होणं ही त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्या लपवत नसत. आबांची गाडी फाटकातून आत आली की त्या उठून दारात उभ्या राहायच्या. नमस्कारासाठी नव्हे, आपण अजून हंगामी आहोत हे दिसावं म्हणून.

कॉम्प्युटरवर त्यांनी वर्षभरात राज्य स्थापन केलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. डॉसवर चालणारा मराठी अक्षरलेखनाचा कुठलासा प्रोग्राम. तो सुरू झाला की विचारायचा, की-बोर्ड कोणता. बाई एक कळ दाबायच्या आणि तो टाइपरायटरचा की-बोर्ड व्हायचा. जिथे क्लासातल्या यंत्रावर ‘क’ होता तिथेच इथे ‘क’. बोटांना आपण दुसरीकडे आलो आहोत याचा पत्ताच नव्हता. मशीनच्या मागे, प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे, काडेपेटीएवढा एक तुकडा बसवलेला होता. त्याला कुलूप म्हणायचे. ते कुलूप जागेवर असेल तरच मराठीचा प्रोग्राम उघडायचा. कुणी नक्कल करून फुकट वापरू नये म्हणून कंपनीने केलेली ती सोय. बाकी कुणाला त्याची माहिती नव्हती आणि बाई ती देत नव्हत्या.

त्यांचीही एक ऐट होती. प्रश्नपत्रिका घेऊन गेलो की म्हणायच्या, “सर, उंबऱ्याच्या बाहेरूनच द्या. पाय पुसले का न्हाय कुणास ठावं.”

एकदा मी म्हटलं, मलाही शिकवा.

“कशाला? तुमी लिवता, मी छापते. दोघांचं बरं चाललंय की.”

मशीनच्या तोंडावर एक बटण होतं. ते दाबलं की शेजारचा लाल आकडा मोठा व्हायचा आणि मशीन जोरात चालायचं. पुन्हा दाबलं की आकडा लहान, चाल संथ. आबा पाहुण्यांना ते बटण दाबून दाखवायचे. “बघा, कसं पळतंय!” पाहुण्यांना पडद्यावर काहीच पळताना दिसायचं नाही, पण आकडा वाढलेला दिसायचा आणि तेवढं आमच्याकडे पुरतं. पाहुणे गेले की आबा विचारायचे, “पण बाई, हळू करायला बटण कशाला ठिवलंय? बैल हळू चालावा म्हणून कुणी काय करतं व्हय?” बाईंना उत्तर माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ते कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा बटण हातात नव्हतं.

अशी वर्षं गेली. दशक संपायला आलं तेव्हा कनिष्ठ लिपिकाचं एक पद मंजूर झालं. आबांनी स्वतः खोलीच्या दारात येऊन, चपला काढून, बाईंना सांगितलं.

“बाई, ही जागा तुमचीच. नियमापरमानं परीक्षा घ्यावी लागती, दोन-चार अर्ज येतील, शिक्षण खात्याचा सायब समोर बसंल. पण तुमच्याम्होरं कोण टिकतंय? पेढं आणून ठिवा.”

त्या दिवशी एसटीत बाईंनी खिडकीची जागा मला दिली. असं आधी कधी घडलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात आबांना वाटलं की साहेबाला हे जुनं मशीन दाखवणं बरं दिसणार नाही.

शेजारच्या संस्थेने रंगीत पडद्याचं मशीन घेतलं होतं. मग आबांनी बारामतीच्या विक्रेत्याशी बोलून ‘जुनं द्या, नवं न्या’ असा सौदा केला. नवं मशीन विंडोजवालं, उंदीर लावलेलं, दोन स्पीकर असलेलं. विक्रेता हा टाय लावणारा तरुण होता. पुण्यात डिप्लोमा करून आल्यामुळे तो प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द शेवटी ठेवायचा, पानावर चुना ठेवतात तसा.

सौदा झाला, जुनं मशीन टेम्पोत चढवायची वेळ आली. मी वर्गात होतो. नंतर सगळ्या पटांगणात एकच चर्चा होती की आबांनी दावं काढून घेतलं.

ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांना हे सांगायला नको. बैल विकला तरी त्याला बांधायचा दोर, म्हणजे दावं, देत नाहीत. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं, विकणारा आपलं सोडून घेतो. आबा ही रीत सगळ्याला लावायचे. ट्रॅक्टर विकला तेव्हा त्याचा हँडल ठेवून घेतला. जीप विकली तेव्हा किल्ली ठेवून घेतली, आणि घेणाऱ्याने मुकाट्याने बारामतीत दुसरी करून घेतली, कारण तोही याच भागातला होता. आता कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांनी काय ठेवून घेतलं असेल? मला वाटलं, वायर.

नवं मशीन बसलं. विक्रेत्याने जुन्या मशीनमधला मराठीचा प्रोग्राम फ्लॉपींवर घेऊन नव्यात घातला, सुरू केला आणि थांबला. पडद्यावर एक ओळ आली: कुलूप नाही.

“कुलूप कुठे आहे?” त्याने विचारलं.

“मशीनच्या पाठीला होतं,” बाई म्हणाल्या. “तुमीच नेलं की मशीन.”

“आमच्याकडे आलं तेव्हा पाठीला काही नव्हतं, मॅडम. ब्लँक.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पटांगणाकडे पाहिलं. कोणती वस्तू दावं ठरली असेल हे आम्हाला एकाच वेळी कळलं.

विक्रेत्याने कंपनीला फोन लावून पाहिला. तिकडून उत्तर आलं की ती आवृत्ती आता बंद झाली, तिचं दुसरं कुलूप मिळणार नाही. नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती तर नव्या मशीनबरोबर आलीच होती. तिच्यात टाइपरायटरचा की-बोर्ड नव्हता. उच्चाराप्रमाणे अक्षरं, फोनेटिक. टाइपरायटरची मांडणी मोठ्या पॅकेजमध्ये मिळायची आणि आपलं पॅकेज लहान होतं. रंगीत पडदा होता, स्पीकर होते; बाईंची बोटं तेवढी पॅकेजमध्ये नव्हती.

“मोठं पॅकेज घेऊ की पुढच्या बजेटात,” आबा म्हणाले.

परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

मी आबांच्या घरी गेलो. देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती. मेंढरांच्या म्होरक्याची घंटा, तट्टाचा लगाम, बैलांची दावी, ट्रॅक्टरचा हँडल, जीपची किल्ली, आणि शेवटच्या खुंटीवर लाल दोऱ्यात बांधलेलं कुलूप. घराण्याचा सगळा इतिहास त्या भिंतीवर वाचता येत होता, शेवटच्या ओळीसकट.

“आबा, हे मशीनचं कुलूप आहे. ते लावल्याशिवाय मराठी उघडत नाही.”

“सर, ते दावं हाय. वायर मागत हुतो, तो टायवाला देईना. मग पाठीला हात घातला, ह्येच ढिलं लागलं. दोन बाजूला दोन स्क्रू, बोटानं फिरलं की.”

“ते परत द्या ना.”

“दावं एकदा खुंटीला लागलं की खाली उतरत न्हाय.”

त्यांच्याशी यंत्राच्या भाषेत बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, “पण आबा, दावं ठेवून कशासाठी घेतात? नवं जनावर आणलं की त्यालाच बांधायला ना?”

आबांनी आत ओरडून चहा सांगितला. “ह्ये मातूर खरं बोललात. मराठीच्या मास्तरला एवढं कळतं म्हंजे नवल हाय.”

म्हणून नव्या मशीनला दावं बांधायचा कार्यक्रम झाला. छोटाच, पुण्याचे पाहुणे नव्हते. कुलपाला हळद लागली, कुंकू लागलं, आणि बाईंनी पदराने हळूच त्याच्या पितळी टोकांवरचं कुंकू पुसून काढलं. विक्रेत्याने ते पाठीला बसवलं. प्रोग्राम सुरू केला. काळ्या पडद्यावर हिरवी चौकट आली. बाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. चौकट आली, आणि गेली. तिच्या जागी इंग्रजी ओळ आली की भागाकार जमला नाही, सबब प्रोग्राम बंद.

पुन्हा केलं. पुन्हा चौकट, पुन्हा भागाकार.

“कुलूप सापडलं त्याला,” विक्रेता म्हणाला, “पण मशीन फार फास्ट आहे. हा जुना प्रोग्राम सुरू होताना आधी मशीनचा वेग मोजतो. त्याच्या काळात एवढा वेग नव्हताच. हिशोब त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि तो पडतो. जुन्या मशीनला तरी स्लो करायचं बटण होतं ना? ते असल्याच प्रोग्रामांसाठी असतं. नव्याला नाही ते.”

आबांना त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण त्यांनी ते ऐकलं की नाही सांगता येत नाही. ते म्हणाले, “म्हंजे मशीन लई पळतंय, एवढीच तक्रार हाय ना? मग चांगलंच हाय की.”

विक्रेता जाता जाता मला म्हणाला, “सर, मशीनमध्ये दोष नाही. सॉफ्टवेअरमध्येही नाही. दोघं कॉम्पॅटिबल नाहीत, एवढंच.” लग्न मोडायला आलेला मध्यस्थ असंच बोलतो. दोन्ही स्थळं उत्तम, पत्रिका तेवढी जुळत नाही.

बाई नव्या की-बोर्डवर बसू लागल्या. त्यात काय अवघड, असं ज्यांनी टाइपरायटर चालवला नाही त्यांना वाटेल. टाइपरायटरवर माणूस अक्षर जसं दिसतं तसं उमटवतो. ‘शिक्षण’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ‘श’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे आहे. नव्या पद्धतीत आधी ‘श’ म्हणायचा, मग वेलांटी. डोक्याला हे पाच मिनिटांत समजतं. बोटं वर्षानुवर्षं वेलांटी आधी मारत आलेली असतात आणि बोटांना सभा घेऊन समजावता येत नाही. बाई हळू लिहायच्या तेव्हा बरोबर यायचं. जरा वेग घेतला की वेलांट्या आधी पडायच्या आणि कशालाही न चिकटता ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर लटकायच्या. सबंध पानभर लटकलेल्या वेलांट्या.

“उंदराला हात लावायची किळस येती,” त्या म्हणायच्या. विनोद करण्याचा तो प्रयत्न होता. पण संध्याकाळच्या गाडीत त्या मांडीवरच्या पिशवीवर बोटं चालवत बसायच्या, ओठ हलायचे, आणि शेळगाव मागे पडलं तरी बोटं थांबायची नाहीत.

मग मलाच सुचलं की जुनं मशीन कुठे गेलं ते पाहावं. विक्रेत्याने सांगितलं, कोऱ्हाळे बुद्रुकला विकलं, पत्रिकावाल्याला. रविवारी बाई आणि मी गेलो. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजच्या शेजारी गाळा होता, वर पाटी: ‘संगणकाद्वारे अचूक जन्मपत्रिका’. आत आमचं मशीन होतं. पडद्याला अजून उद्घाटनाच्या कुंकवाचा डाग होता. आता त्यावर शनी आणि मंगळ फिरत होते.

पत्रिकावाला गृहस्थ होता. कपाळाला गंध, हातात बिडी. “तुमचं मराठीचं हाय तसंच हाय आत,” तो म्हणाला. “पुसाय भ्यालो. काय पुसलं आन् गुरू-शुक्र गेलं तर?”

बाईंनी पिशवीतून कुलूप काढलं. आबांनी दावं बांधल्यावर ते मशीनच्या पाठीलाच होतं. मुख्याध्यापकांना सांगून आम्ही एका दिवसासाठी आणलं होतं. मागे बसवलं. प्रोग्राम सुरू केला. हिरवी चौकट आली आणि राहिली. की-बोर्ड कोणता, असं विचारलं. बाईंनी कळ दाबली.

मग त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पडदा त्यांच्या पाठीआड होता. नुसता आवाज ऐकू येत होता, पत्र्यावर सरी पडाव्यात तसा, न अडखळता. पत्रिकावाल्याची बिडी हातातच विझली.

“आगागा,” तो म्हणाला. “ह्या वेगानं मी पत्रिका काढल्या तर सगळा तालुका एका दिवसात लगीन करील.”

बाई हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

“परीक्षेच्या दिवशी न्या की मशीन,” तो म्हणाला. “त्या दिवशी दुकान बंद ठिवीन. चतुर्थी हाय नायतरी, गिऱ्हाईक कमी. संध्याकाळी आणून द्या, झालं.”

परतीच्या गाडीत बाईंनी मला त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली. खात्याच्या नियमात की-बोर्ड कोणता, मशीन कोणतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी परीक्षेबद्दलचं खात्याचं पत्र नीट वाचलं होतं. मराठी टंकलेखन, ठरलेला वेग, एवढंच. मशीन आणायचं, शेजारच्या टेबलावर मांडायचं, बाईंनी त्याच्यावर परीक्षा द्यायची. सगळं जुळलं होतं.

सोमवारी आबांना सांगितलं. संस्थेच्या कार्यालयात होते, मुख्याध्यापक आणि आणखी दोघं-तिघं बसलेले. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“न्हाय जमायचं,” ते म्हणाले.

“का?”

“विकलेलं जनावर परत दावणीला आणत न्हायत, सर. तुमी रीत सांगितली तवा मी ऐकली. आता मी सांगतो ती ऐका. विकलेलं जनावर दारात उभं राहिलं की लोक म्हनत्यात, ह्यांचं नवं मेलं.”

“परत कुठे घेतोय आबा, एका दिवसापुरतं उसनं आणतोय.”

“उसनं तर त्याच्याहून वाईट!” सगळे हसले. आबाही हसले, मग त्यांनी आवाज खाली आणला. “आन् सायबाला काय दाखवू? लाखाचं मशीन बाजूला ठिवून कुंडलीवाल्याचं मशीन? म्हनंल, ह्ये अडाणी मेंढकं, ह्यांस्नी कशाला ग्रँट द्यावी. तुमी बारामतीत भाड्यानं ऱ्हाता, सर. तुमाला काय हाय.”

हे शेवटचं त्यांनी चिडून म्हटलं नाही. मी बरंच वाचलेलं आहे, वाद घालता येतो. पण ज्याच्या आजोबाला साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर उभं केलं गेलं असेल, त्याला साहेब येणार म्हटल्यावर काय होतं, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. बाई दारात उभ्या होत्या, अनवाणी नव्हे, कारण हे नुसतं कार्यालय होतं.

“बाई, तुमी भिऊ नका,” आबा म्हणाले. “नव्या मशीनवर बी तुमीच फर्स्ट येनार. माझा शब्द हाय.”

आपण किती मोठी गोष्ट मनापासून बोलत आहोत आणि ती किती फुकट आहे, हे आबांना खरंच कळत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी खोलीला तोरण होतं. मशीनला झेंडूचा हार, पाठीला कुलूप, त्याला लाल दोरा. साहेब आले आणि पाटीकडे न पाहता बूट घालून आत गेले. मागून आबा गेले. त्यांनी क्षणभर पायांकडे पाहिलं आणि तेही चपला घालून आत गेले. दारात फक्त बाईंच्या आणि बाकी उमेदवारांच्या चपला राहिल्या.

उमेदवारांत इंदापूरची एक मुलगी होती. ती कुणाची नातेवाईक नव्हती, वशिल्याची नव्हती. तिने आदल्या उन्हाळ्यात नव्या पद्धतीचा कोर्स केला होता, टाइपरायटरला कधी हात लावलेला नव्हता. तिच्या बोटांना विसरायला काही नव्हतं. ती शांतपणे लिहून उठली. तिच्याबद्दल राग धरायला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

बाई बसल्या. सुरुवातीला सावकाश, एकेक अक्षर. मग साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, ते बाईंनी पाहिलं, आणि त्यांनी वेग घेतला. मी दारातून पाहत होतो. रंगीत पडद्यावर, पांढऱ्याशुभ्र पानावर, वेलांट्या येऊन लटकू लागल्या. बाईंना त्या दिसत होत्या. थांबून मागे जायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. तोवर बोटं पुढची वेलांटी आधी मारून मोकळी.

“ह्या मॅडम किती वर्षं काम करतात इथे?” साहेबांनी आबांना विचारलं.

“लई वर्षं,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“आणि कोणत्या मशीनवर?”

आबांनी नव्या मशीनकडे हात केला. “ह्याच्यावरच.”

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी तोंड उघडलं आणि जुन्या मशीनचं सांगू लागलो, तर साहेब सौजन्याने म्हणाले, “सर, तुमचा विषय मराठी ना? छान.” मग ते स्पीकरमधून गाणं लागतं का, असं विचारू लागले. गाणं लागलं.

त्या मुलीची नेमणूक झाली. जागा भरली गेल्यामुळे हंगामी जागेची गरज संपली. त्या मे महिन्यात बाईंना कमी केल्याचं पत्र मिळालं ते मात्र त्यांनी टाइप केलेलं नव्हतं; नव्या मुलीने नव्या मशीनवर केलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती. आबांनी पत्राबरोबर साडी-चोळी पाठवली. बाईंनी ती परत केली नाही, नेसलीही नसावी.

जूनमध्ये एसटीत खिडकीची जागा रिकामी असायची. मी तिथे बसत नसे, असं काही सांगणार नाही. बसायचो. वारा चांगला यायचा.

पुढे एकदा मला कसल्याशा कामासाठी प्रतिज्ञापत्र लागलं. बारामतीच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. तिथे बाई होत्या. समोर जुना टाइपरायटर, रिबिनीचा डबा, पाण्याची बाटली. वीज गेली होती, कोर्टाच्या आत सगळे वारा घेत बसले होते. बाहेर खटखट चालू होती.

“बसा सर,” त्या म्हणाल्या. “चपला असू द्या पायात.”

मी बसलो. त्यांनी कार्बन लावून कागद चढवले.

“दावं हाय का अजून?”

“आहे. आता तेही मशीन बदलायचं चाललंय, पण कुलूप ठेवणार आहेत. खंडेनवमीला त्याला कुंकू लावतात.”

“लावू द्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद सरळ केला. “सांगा. पूर्ण नाव.”

मी नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला. नोकरीचं ठिकाण सांगायला मी तोंड उघडलं. आमच्या संस्थेचं नाव लांबलचक आहे, शिक्षण, विकास, निधी असं सगळं त्यात येतं. मी पहिला शब्द उच्चारायच्या आत ते कागदावर उमटलेलं होतं, एका दमात, वेलांट्या जागच्या जागी. बाईंची नजर रस्त्याकडे होती.